पहिल्या क्वार्टरबॅकची वहिवाट

12 सप्टेंबर 2013 रोजी न्यू जर्सीत फ्रँक त्रिपुका वारला. वय 85. त्याच्या आधी एक आठवडा डेन्व्हरच्या मैदानात ब्रॉन्कोज संघाच्या पेटन मॅनिंगने बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध सात टचडाउन पास फेकले होते आणि अमेरिकेतली क्रीडापाने त्या पराक्रमानेच भरलेली होती. मॅनिंगच्या पाठीवरचा 18 हा आकडा मूळचा त्रिपुकाचा होता. डेन्व्हरच्या चाहत्यांनी त्या आठवड्यात या म्हाताऱ्याची आठवण काढली, आणि ती आठवण काढणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्याला प्रत्यक्ष खेळताना कधी पाहिलेले नव्हते. त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिले नव्हते, हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव नाही, आणि त्याचे आकडे आजच्या प्रेक्षकाला दाखवले तर हा माणूस पहिल्या संघात होताच कसा, असे तो विचारील. मग हे लोक नेमके कोणासाठी हळहळले? ही नुसती गतकातरता आहे, असे म्हणून विषय संपवता येतो, आणि बहुतेक जण तसाच संपवतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ ही खाजगी मालमत्ता असते, मालकाच्या मनात आले तर ती उचलून दुसऱ्या शहरात नेता येते. अशा व्यवस्थेत पहिल्या क्वार्टरबॅकची आठवण जपणे हा चाहत्याने संघावर सांगितलेला हक्क असतो. कागदावर नसलेला, पण वापरातून सिद्ध होणारा.

आधी आकड्यांकडे पाहू, कारण शंका तिथूनच निघते. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक डावपेचाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू देऊन होते. तो फेकतो, सोपवतो किंवा स्वतः पळतो. म्हणून संघाचा चेहरा तोच, आणि पराभवाचे खापरही त्याच्याच डोक्यावर. त्रिपुकाने 1960 साली, म्हणजे ब्रॉन्कोजच्या पहिल्याच हंगामात, 3,038 यार्डांचे पास फेकले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये एका हंगामात तीन हजारांचा टप्पा ओलांडला गेला तो त्याच वर्षी, आणि ओलांडणाऱ्या तिघांत हा एक होता. दुसरे दोघे बाल्टिमोरचा जॉनी युनायटस आणि लॉस एंजेलिस चार्जर्सचा जॅक केम्प. पण त्याच हंगामात त्याचे 34 पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले आणि टचडाउन झाले 24. संघाने चार सामने जिंकले, नऊ हरले, एक बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी तीन विजय, अकरा पराभव. अर्थात तो काळच बेधडक फेकण्याचा होता. ह्यूस्टन ऑयलर्सच्या जॉर्ज ब्लँडाने 1962 मध्ये 42 इंटरसेप्शन, म्हणजे पळवले गेलेले पास, दिली, हा नकोसा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे, आणि तरीही ब्लँडा हॉल ऑफ फेममध्ये आहे. तेव्हा काळाची सवलत त्रिपुकालाही द्यायला हवी. सवलत देऊनही तो थोर ठरत नाही. चांगला, दणकट, थोडा उशिरा आलेला खेळाडू, एवढेच म्हणता येईल.

उशिरा आलेला म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण त्यातच त्याच्या आठवणीची चव आहे. नोत्र दामसारख्या नामांकित विद्यापीठाचा तो क्वार्टरबॅक. 1949 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. नंतर डेट्रॉइट, शिकागो कार्डिनल्स, डॅलस टेक्सन्स अशी भटकंती झाली आणि तो कॅनडात सस्कॅचवनला गेला. 1960 मध्ये नव्या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या डेन्व्हर संघाने त्याला बोलावले ते प्रशिक्षणाला हातभार लावायला. सरावात हाताशी धड क्वार्टरबॅक नाही असे दिसल्यावर बत्तीस वर्षांच्या त्रिपुकालाच पुन्हा गणवेश चढवावा लागला. मुख्य प्रशिक्षक फ्रँक फिल्चॉक. 1946 च्या अंतिम सामन्याभोवतीच्या जुगाराच्या प्रकरणात जुन्या, प्रस्थापित लीगने, म्हणजे एनएफएलने, त्याला बाहेर काढले होते आणि मग त्याचीही कारकीर्द कॅनडातच गेली होती. व्यवस्थापक डीन ग्रिफिंग पैशाला इतका चिकट की खेळाडूंसाठी त्याने टूसॉनच्या कॉपर बाउल नावाच्या सामन्यातले वापरलेले गणवेश विकत आणले. तपकिरी आणि पिवळे. त्यांच्यासोबत आलेल्या मोज्यांवर उभे पट्टे होते. आडवे पट्टे पायात शोभतात. उभ्या पट्ट्यांनी धिप्पाड माणसांचे पाय सर्कशीतल्या विदूषकासारखे दिसत, आणि प्रेक्षक हसत. 1962 मध्ये नव्या प्रशिक्षकाने, जॅक फॉक्नरने, हे मोजे जाहीर समारंभ करून जाळून टाकले. संघाने त्या वर्षी सात सामने जिंकले, सात हरले, आणि मोजे जाळल्याचा गुण आला असे शहराला वाटले असल्यास नवल नाही.

आता 2009 कडे या. अमेरिकन फुटबॉल लीगच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त ब्रॉन्कोजने त्या ऑक्टोबरमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध खेळताना तेच तपकिरी-पिवळे कपडे आणि तेच उभ्या पट्ट्यांचे मोजे पुन्हा घातले. सामना जादा वेळेत 20–17 असा जिंकलाही. जे लाजेने होळीत टाकले ते 47 वर्षांनी खास शिवून घ्यावेसे का वाटले? पट्टे तेवढेच कुरूप होते. मधल्या काळात बदलली ती त्यांच्याशी असलेली लोकांची नाती. पहिल्या दिवसांतली फजिती ज्याला माहीत आहे तो घरचा, असा अलिखित नियम चाहत्यांच्या जगात चालतो. यश परक्यालाही माहीत असते. सुपर बाउल कोणी जिंकला हे टीव्ही सांगतो. मोज्यांची गोष्ट मात्र कोणीतरी कोणाला तरी सांगावी लागते. त्रिपुका या गोष्टीतला मुख्य माणूस आहे, आणि तो इथे आठवला जातो तो विजेता म्हणून नव्हे.

तो पहिला सामना 9 सप्टेंबर 1960 चा, शुक्रवारी रात्री, बॉस्टन विद्यापीठाच्या मैदानावर. शुक्रवार अशासाठी की शनिवार महाविद्यालयांचा आणि रविवार एनएफएलचा. नव्या लीगच्या वाट्याला उरलेली रात्र. याच बॉस्टन पेट्रियट्सने सराव सामन्यात डेन्व्हरला 43–6 असे धुतले होते. लीगच्या इतिहासातले पहिले गुण बॉस्टनच्या जिनो कॅपेलेटीने फील्ड गोल मारून घेतले. पहिला टचडाउन मात्र डेन्व्हरचा: त्रिपुकाचा पास, अल कार्माइकलच्या हातात, 59 यार्ड. पुढे जीन मिंगोने पंट झेलून 76 यार्ड पळत दुसरा केला आणि ब्रॉन्कोज 13–10 जिंकले. एवढी पुंजी. त्यानंतर 1973 पर्यंत संघाला पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला एकही हंगाम मिळाला नाही, आणि पहिले विजेतेपद हाती लागायला 1998 चा जानेवारी उजाडला, तेही चार सुपर बाउल हरून झाल्यावर. इतकी वर्षे हरणाऱ्या संघाला धरून राहायचे तर हाताशी काहीतरी असावे लागते. डेन्व्हरकरांच्या हाताशी बॉस्टनची ती रात्र होती.

हक्काचा मुद्दा इथे येतो. कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणालाही विचारा, सातबाऱ्यावर नाव कोणाचे आणि जमीन कसतो कोण, यातला फरक तो सांगेल. आणि वहिवाट सिद्ध करायची तर गावातले जुने लोक काय सांगतात याला किंमत असते, हेही सांगेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये उतारा नेहमी मालकाच्या नावाचा असतो. अपवाद एक, ग्रीन बे पॅकर्स, ज्याचे भाग लोकांकडे आहेत आणि त्यावर लाभांश मिळत नाही. बाकी सगळीकडे चाहत्याकडे फक्त वहिवाट. आपल्या संघाची सुरुवात कोणी केली, पहिला चेंडू कोणी फेकला, हे सांगता येणे हा त्या वहिवाटीचा पुरावा. आणि तो माणूस जातो तेव्हा पुरावा पुन्हा एकदा वाचून दाखवला जातो.

हे अलंकारिक बोलणे नाही, हे क्लीव्हलंड आणि ह्यूस्टन या दोन शहरांकडे पाहिले की कळते. 1995 मध्ये आर्ट मॉडेलने क्लीव्हलंड ब्राउन्स बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. शहर न्यायालयात गेले, चाहते रस्त्यावर आले, आणि तडजोड अशी झाली की मॉडेलने खेळाडू न्यावेत, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि सारा इतिहास क्लीव्हलंडमध्येच राहील. मॉडेलचा संघ रेव्हन्स झाला. क्लीव्हलंडला 1999 मध्ये त्याच नावाने नवा संघ मिळाला. ब्राउन्सच्या सुरुवातीच्या काळाचा क्वार्टरबॅक ओटो ग्रॅहॅम. 1946 ते 1955 असे दहा हंगाम, दहाही वेळा अंतिम सामना, सात विजेतेपदे. 2003 मध्ये तो वारला तेव्हा तो क्लीव्हलंडचा होता, कायद्यानेही. ती तडजोड झाली नसती तर त्याची दहा वर्षे बाल्टिमोरच्या संघाच्या पुस्तकात जमा झाली असती, आणि तिथल्या कोणाला त्याच्याबद्दल काही वाटण्याचे कारण नव्हते.

ह्यूस्टनला ही तडजोड मिळाली नाही. ज्याच्या इंटरसेप्शनांचा उल्लेख वर आला त्या ब्लँडाने ऑयलर्सला 1960 आणि 1961 अशी लीगची पहिली दोन्ही विजेतेपदे मिळवून दिली. 1996 च्या हंगामानंतर मालक बड ॲडम्सने संघ टेनेसीला हलवला आणि 1999 पासून त्याचे नाव टायटन्स झाले. ब्लँडा 2010 मध्ये वारला. त्याचे विक्रम ज्या संघाच्या दप्तरात आहेत तो नॅशव्हिलमध्ये, आणि त्याच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत ते लोक ह्यूस्टनमध्ये. हा तंटा अजून मिटलेला नाही. डिसेंबर 2023 मध्ये टायटन्स ऑयलर्सचे आकाशी निळे कपडे घालून नॅशव्हिलमध्ये खेळले, आणि प्रतिस्पर्धी कोण, तर ह्यूस्टनचा आजचा संघ टेक्सन्स. टेक्सन्सने सामना जिंकला. ह्यूस्टनकरांचा राग मात्र निकालाशी निगडित नव्हता. आपल्या घरातला फोटो दुसऱ्याने आपल्याच समोर मिरवावा, असा तो राग होता. कपड्यांच्या एका रंगावर मोठी माणसे इतकी का चिडतात, हे केवळ गतकातरतेने समजावता येत नाही. हक्काच्या भाषेत लगेच समजते.

आणखी एक पुरावा त्रिपुकाच्याच आयुष्यात आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. 1952 मध्ये तो ज्या डॅलस टेक्सन्सकडून खेळला तो संघ एकच हंगाम टिकला. मालकांचे पैसे मध्येच संपले, लीगने संघ ताब्यात घेऊन उरलेले सामने परमुलखात उरकले, आणि वर्षअखेर तो बरखास्त झाला. एकच माणूस दोन नवजात संघांकडून खेळला. डेन्व्हरला त्याच्यासाठी हळहळणारे लोक आहेत; 1952 च्या डॅलस टेक्सन्सच्या नावाने डोळे पुसणारे कोणी नाही. म्हणजे पहिलेपणाला स्वतःची अशी काही जादू नसते. त्याच्यामागे लोक उभे राहावे लागतात.

डेन्व्हरचे लोक राहिले, आणि ते आपोआप झाले नाही. 1965 मध्ये बहुसंख्य भागीदार संघ अटलांटातल्या कंपनीला विकायला तयार झाले होते. जेराल्ड आणि ॲलन फिप्स या स्थानिक भावांनी तो सौदा मोडून संघ आपल्याकडे घेतला, आणि त्यानंतर शहराने सीझन तिकिटांसाठी अशी झुंबड केली की आधीच्या वर्षांशी तुलना होऊ नये. 1968 च्या सुमारास मैदान वाढवण्याचा प्रश्न आला तेव्हा नागरिकांच्या एका संस्थेने पैसे उभे करून ते मैदान विकत घेतले आणि शहराच्या हवाली केले. बेअर्स स्टेडियमचे माइल हाय स्टेडियम झाले. 1998 मध्ये मतदारांनी नव्या मैदानासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. यातला प्रत्येक व्यवहार पैशाचा आहे, भावनेचा नाही, आणि म्हणूनच तो वहिवाटीत मोजता येतो.

यावर पहिली हरकत स्वाभाविक आहे: त्रिपुकाला पाहिलेच नाही तर हे दुःख उसने. 2013 मध्ये चाळिशीत असलेला चाहता त्रिपुका निवृत्त झाल्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेला. हे खरे आहे, पण उसने म्हणजे खोटे, असे नाही. डेन्व्हरमध्ये सीझन तिकिटे घराण्यात चालतात, बाहेरच्याला वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागते. तिकिटाबरोबर गोष्टी येतात. आजोबांनी बेअर्स स्टेडियमवर थंडीत बसून लायनेल टेलरला त्रिपुकाचे पास झेलताना पाहिलेले असते. 1961 मध्ये टेलरने हंगामात शंभर झेल घेतले, व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे करणारा तो पहिला. नातवाचे दुःख बरेचसे आजोबांसाठी असते, हे मान्य करायला काही हरकत नाही. पण आजोबा आणि संघ यांना जोडणारे नाव त्रिपुकाचे आहे, म्हणून ते दुःख त्याच्या नावाने व्यक्त होते.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे. ही सारी आठवण मालकांनीच पोसलेली आहे, असे कोणी म्हणेल. क्रमांक निवृत्त करणे, मैदानावर नावे कोरणे, जुने मोजे पुन्हा शिवणे, हा धंद्याचाच भाग. जितकी माया, तितकी किंमत. 1960 मध्ये लीगचे प्रवेशशुल्क 25 हजार डॉलर होते, आणि 2022 मध्ये वॉल्टन-पेनर गटाने ब्रॉन्कोजसाठी 4.65 अब्ज डॉलर मोजले. या किमतीत त्रिपुकाचाही वाटा आहे, आणि तो त्याच्या घरच्यांना किंवा चाहत्यांना मिळालेला नाही. ही हरकत मी खोडत नाही. ती बरोबरच आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. मालक ज्या गोष्टीचे पैसे घेतो ती त्याने निर्माण केलेली नसेल, तर ज्यांनी केली त्यांचा तिच्यावर दावा अधिक घट्ट होतो.

18 या क्रमांकाचा किस्सा इथे तपासून पाहण्यासारखा आहे. त्रिपुकाच्या निवृत्तीनंतर तो क्रमांक कोणाला द्यायचा नाही असे ठरले होते. मार्च 2012 मध्ये मॅनिंग डेन्व्हरला आला तेव्हा त्याच्या नावाशी जोडलेला आकडा तोच होता. 84 वर्षांच्या त्रिपुकाने आनंदाने परवानगी दिली. परवानगी मागावी लागली, यात सगळे आले: कायद्याने क्रमांक क्लबचा, तरी त्रिपुकाच्या परवानगीशिवाय तो कोणी घातला असता तर डेन्व्हरला रुचले नसते. आपल्याकडे हे 2017 मध्ये दिसले. पालघरच्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेत एकदिवसीय पदार्पण 10 क्रमांकाची जर्सी घालून केले आणि सचिनच्या चाहत्यांनी असा गहजब केला की ठाकूरने पुढे 54 घेतला आणि मंडळाने 10 अनौपचारिकपणे बाजूला ठेवला. तिथे सचिनने काही मागितले नव्हते. मॅनिंगने मात्र तो आकडा घालून 2013 मध्ये 55 टचडाउन पास फेकले, 2016 मध्ये सुपर बाउल जिंकला, आणि आता निवृत्त 18 समोर दोघांची नावे आहेत. मॅनिंगमुळे नव्या पिढीला त्रिपुका कळला, आणि त्रिपुकामुळे इंडियानापोलिसहून आलेला मॅनिंग डेन्व्हरचा झाला. दुसरा अर्धा भाग कमी बोलला जातो.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती या सगळ्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. वहिवाटीचे पुरावे निवडक असतात. कोणाला मूळपुरुष म्हणायचे, हे जे लोक गोष्ट सांगतात ते ठरवतात, आणि डेन्व्हरच्या गोष्टीत एक पान दीर्घकाळ पातळ राहिले. 1968 मध्ये ब्रॉन्कोजने ओमाहा विद्यापीठाच्या मार्लिन ब्रिस्कोला चौदाव्या फेरीत घेतले, तेही बचावफळीसाठी. जखमांमुळे क्वार्टरबॅक उरले नाहीत म्हणून त्याला संधी मिळाली, आणि आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये सुरुवातीपासून मैदानात उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. त्याने 14 टचडाउन पास फेकले. ब्रॉन्कोजच्या नवख्या खेळाडूसाठी तो क्लबचा विक्रम झाला. पुढच्या हंगामात त्याला त्या जागेसाठी झगडण्याचीही संधी दिली नाही. तो बफेलोला गेला, पास फेकायचे सोडून झेलायला शिकला, त्यात इतका चांगला झाला की ऑल-स्टार निवडला गेला, आणि 1972 च्या अपराजित मायामी संघात होता. जून 2022 मध्ये तो वारला. त्याचा 15 क्रमांक कधी निवृत्त झाला नाही. 2010 मध्ये तो टिम टिबोच्या अंगावर होता, आणि ब्रिस्कोकडे कोणी परवानगी मागावी असा विषयच नव्हता.

यामुळे त्रिपुकाची आठवण खोटी ठरत नाही, त्याने काही हिरावूनही घेतलेले नव्हते. पण चाहत्याचा हक्क स्मरणातून येतो असे म्हणायचे असेल तर ते स्मरण मालकांच्या निवडीवर सोडून चालत नाही. 1969 मध्ये ब्रिस्कोला डावलणारे क्लबचे लोक होते. त्याला पाहायला मैदानावर येऊन आरोळ्या ठोकणारे प्रेक्षक होते. प्रेक्षकांची ती बाजू क्लबच्या दप्तरात नाही. डेन्व्हरकरांनी ती मुलाबाळांना सांगितली तर 15 लाही 18 सारखे वजन येईल, निवृत्त होवो न होवो. ब्रिस्कोच्या मृत्यूनंतर देशभर जे लेख आले त्यांत ब्रॉन्कोजच्या त्या एका हंगामाला मोठी जागा मिळाली. पुढचे काम आता तिकिटे हाती असलेल्या घरांचे आहे, आणि ते मालकांना विचारून करायचे काम नाही.